रक्ताधान आणि द्रवपूर्ती

निरोगी व्यक्तीचे रक्त अथवा त्यापासून वेगळे केलेले घटक रुग्णाच्या नीलेवाटे शरीरात सोडण्याच्या क्रियेस रक्ताधान म्हणतात. रक्ताऐवजी लवण, शर्करा वा तत्सम पदार्थांचे विद्राव त्याच मार्गाने देऊन शरीरातील द्रवाची तूट भरून काढणे, यास द्रवपूर्ती ही संज्ञा आहे. बोलभाषेत पहिलीस ‘रक्त चढविणे’ व दुसरीस ‘सलाइन लावणे’ म्हणतात. काचेच्या बाटल्यांची जागा प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घेऊन अनेक दशके लोटली, तरी ‘रक्ताची बाटली’ हा शब्दप्रयोग खेड्यांतून व शहरांतूनही टिकून आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सु. ५ लि. रक्त असते. त्याची कामे अनेक असली, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन महत्त्वाची आहेत. पहिले, रक्तवाहिन्या भरलेल्या ठेवून हृदयाला ढकलण्यास पुरेसा द्रव पुरविणे. आणि दुसरे, तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनाच्या द्वारे ऊतकांना ऑक्सिजन पोहोचविणे. अंकुशकृमीमुळे दीर्घकाळ रक्तक्षय झालेला शेतमजूर हीमोग्लोबिन निम्म्याहून कमी झाले असतानाही शेतात काम करताना आढळतो. कारण त्याच्या रक्तवाहिन्यांतील द्रव कमी झालेला नसतो. याउलट बाळंतपणात वा अपघातात अर्ध्या तासात २ लि. रक्त गेलेल्या व्यक्तीस, शिल्लक रक्तात हीमोग्लोबिनाचे प्रमाण तितकेसे घटलेले नसतानाही, अवसाद होऊन मृत्यू येऊ शकतो. रक्ताधानाचा सर्व इतिहास म्हणजे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी ओळखण्याचा व वेगवेगळ्या साधनांनी ती पार पाडण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल. कोणते काम किती वेळात आणि किती अंतरावरून पार पाडावयाचे, हा प्रश्नही त्याला जोडलेला आहे.

हा दुसरा प्रश्न सातारा व सांगली या जिल्ह्यांत विशेष स्पष्टपणे दिसतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत या दोन जिल्ह्यांचा संदर्भ वारंवार येईल. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांची मोठी रुग्णालये सातारा, कराड, सांगली व मिरज या नदीकाठच्या वा रेल्वेलगतच्या गावी आहेत. पश्चिमेस जावळी, पाटण, शिराळा हे अतिवृष्टीचे डोंगराळ तालुके, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे अवर्षणग्रस्त तालुके आहेत. जत तालुक्याची पूर्वेकडील काही गावे सांगलीपासून शंभराहून अधिक किमी. दूर पडतात.

आरंभीचे प्रयोग : सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर (१६६५) आणि फ्रान्समध्ये झां बातीस्त दनी यांनी कोकराचे रक्त वापरून माणसांवर (१६६७) रक्ताधानाचे प्रयोग केले. दनी यांच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर खटला उद्‌भवला व फ्रान्समध्ये ही क्रिया निषिद्ध ठरली. त्यानंतर सु. दीडशे वर्षे हा विषय मागे पडला. लंडनमधील प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल (१७९०–१८७८) यांनी १८१८ मध्ये माणसाचेच रक्त माणसाला दिले. तो रुग्ण वाचला नाही. परंतु प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या एका स्त्रीस सु. पाव लिटर रक्त देऊन वाचविल्याचा वृत्तांत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताधानाचा हा पहिला खरा उपयोग बाळंतिणीसाठी व्हावा, हे लक्षणीय आहे. कारण ग्रामीण भागात तातडीने रक्त लागण्याचे एक प्रमुख कारण आजही तेच आहे.

ब्लंडेल यांचे यश बव्हंशी दैवाधीन होते. रक्तगटांचे ज्ञान नव्हते आणि शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत साखळे. या अडचणीमुळे काही वैद्यांनी पर्याय शोधले. १८५४ मध्ये कॅनडातील टोरँटो येथे पटकीच्या रुग्णांना नीलेवाटे गाईचे दूध देण्यात आले व ही चाल अमेरिकेत १८८० च्या सुमारापर्यंत अधूनमधून चालू होती. आज ती विचित्र वाटते. तथापि रक्तवाहिनी रिकामी राहता कामा नये, ही तिच्यामागील जाणीव चुकीची नव्हती.

पटकी आणि लवण विद्राव : द्रवपूर्तीचा जन्म रक्तस्रावातून नव्हे, तर पटकीतून झाला. १८३१ मध्ये इंग्लंडात पटकी पोहोचली, तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी (१८०९–८९) या तरुण वैद्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक विश्लेषण केले. रक्तातील पाणी व लवणे कमी होऊन ते दाट होते असे त्यास आढळले आणि ती तूट नीलेवाटे भरून काढावी असे त्याने सुचविले. पुढील वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅट्टा यांनी ही सूचना अंमलात आणली. त्यांची पहिली रुग्ण एक वृद्धा होती. नाडी लागत नसलेली ती स्त्री सु. तीन लि. विद्राव शरीरात गेल्यावर बोलू लागली. लॅट्टा तिला दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून गेले. जुलाब चालूच राहिले, पुन्हा द्रव देण्यात आला नाही आणि काही तासांत ती मरण पावली. गेलेला द्रव एकदा भरून भागत नाही, तो जात असेपर्यंत भरत राहावे लागते, हा धडा या घटनेत होता. परंतु तो पचनी पडण्यास वैद्यकास पाऊणशे वर्षे लागली. ओशॉनेसी १८३३ मध्ये बंगालमध्ये आला आणि त्याचे नाव हिंदुस्थानात राहिले ते तारायंत्राच्या उभारणीमुळे.

महाराष्ट्रात पटकीचा संबंध पंढरपूरच्या यात्रेशी होता. आषाढीच्या गर्दीत पाण्यावाटे साथ उद्‌भवे आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव पसरे, हे ब्रिटिश अमदानीतील आरोग्य अहवालांत वारंवार नमूद झाले आहे. ज्ञानेश्वरांची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद व फलटण या मार्गाने जाते, त्यामुळे हा जिल्हा त्या वाटेवरच होता. वाटेत आजारी पडलेल्यास नीलेवाटे द्रव देणे त्या काळी अशक्यप्राय होते. कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी १९०८ च्या सुमारास तीव्र लवण विद्राव पद्धतशीरपणे वापरून पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. पण त्यासाठी रुग्णालय, निर्जंतुक उपकरणे व प्रशिक्षित हात लागत. यातून सुटका झाली ती साखर व मीठ यांचे पाणी तोंडावाटे देण्याच्या पद्धतीने. कलकत्त्यातील हेमेंद्रनाथ चतर्जी यांनी १९५३ मध्ये या दिशेने प्रयोग प्रसिद्ध केले होते. १९७१ मध्ये बांगला देशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे विद्राव संपल्यावर दिलीप महालनबीस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले व त्याची परिणामकारकता निर्विवाद ठरली. आतड्यात ग्लुकोजाबरोबर सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे त्याचे तत्त्व आहे. द्रवपूर्तीची ही एकच पद्धत अशी आहे की, जी वैद्याविना, घरातील चुलीपाशी अंमलात येऊ शकते.

रक्तगट व रक्तपेढी : कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे मानवी रक्ताचे तीन गट दाखविले, चौथा, एबी, १९०२ मध्ये आढळला. तांबड्या कोशिकांवरील प्रतिजन व रक्तरसातील प्रतिपिंडे यांच्या विजोडीमुळे कोशिकांचे समूहन व नाश होतो, हे कळल्यावर ब्लंडेल यांच्या काळातील अपयशाचा उलगडा झाला. रक्त साखळू न देण्याचा प्रश्न १९१४-१५ मध्ये सुटला. बेल्जियममध्ये आल्बेर हुस्टिन, अर्जेंटिनात लुईस आगोते व अमेरिकेत रिचर्ड लेविसोन यांनी सोडियम सायट्रेट वापरून रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवण्याची युक्ती रूढ केली. त्यात ग्लुकोज मिसळल्यास कोशिका काही आठवडे टिकतात, असे १९१६ मध्ये दिसून आले आणि पुढच्याच वर्षी पश्चिम आघाडीवर ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी रक्ताचा पहिला साठा उभारला. दाता व ग्राही शेजारी-शेजारी निजविण्याची गरज यामुळे संपली. रक्त ही साठविता व वाहून नेता येणारी वस्तू बनली.

वाहून नेण्याचे काम लढाईत प्रथम पद्धतशीरपणे केले ते कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी, १९३६-३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात. त्यांच्या नावाने चीनमध्ये स्थापन झालेल्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये ज्यांच्याकडे आले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) हे सातारा व सांगली यांना लागूनच असलेल्या सोलापूरचे होते. ‘रक्तपेढी’ हा शब्द ज्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे, तो १९३७ मध्ये शिकागो येथे बर्नार्ड फँटस यांनी प्रचारात आणला. भारतातील पहिली रक्तपेढी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, कलकत्त्यास निघाली. मुंबईत १९५४ पासून लीला मूळगावकर यांनी स्वेच्छेने रक्तदान करण्याची चळवळ उभी केली.

सांगली जिल्ह्यात आधुनिक शस्त्रक्रियेचे केंद्र याच्या फार आधीपासून होते. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) यांनी मिरज येथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. मिरज रेल्वेचे प्रस्थानक असल्यामुळे कोकण व कर्नाटक या भागांतूनही तेथे रुग्ण येत. पुढे १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मोठ्या शस्त्रक्रियेस रक्ताची हमी लागते, तेव्हा शस्त्रक्रियेची केंद्रे तेथेच रक्ताची केंद्रे होणे स्वाभाविक होते. पण त्यामुळे रक्त नदीकाठी व रुग्ण डोंगरात, अशी विभागणी पक्की झाली.

रक्तद्रव व त्याचे पर्याय : दुसऱ्या महायुद्धात द्रव भरण्याचे काम रक्तद्रवावर सोपविण्यात आले. कोशिका काढून टाकलेला रक्तद्रव सुकवून भुकटीच्या रूपात नेता येई व पाणी मिसळताच वापरता येई. गट जुळविण्याची कटकटही बरीच कमी होई. अमेरिकेत चार्ल्स ड्रू यांनी १९४० मध्ये ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याची योजना चालविली. एडविन कोन यांनी थंड अल्कोहॉलाच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने अलग केली; त्यांतील अल्ब्युमीन डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर येथील जखमींना देण्यात आले. रक्तद्रवाचा तर्षण दाब मुख्यतः अल्ब्युमिनामुळे टिकतो. साधा लवण विद्राव तासाभरात ऊतकांत झिरपून त्याचा सु. चतुर्थांश भागच वाहिन्यांत उरतो, तर अल्ब्युमीन पाण्याला वाहिनीत धरून ठेवते. मात्र अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र केल्याने एकाची कावीळ अनेकांना जडे आणि त्यामुळे सुक्या रक्तद्रवाचा वापर युद्धोत्तर काळात मागे पडला.

मानवी रक्ताविना हे काम करणाऱ्या पदार्थांत डेक्स्ट्रानाचा इतिहास कृष्णाकाठच्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. ल्यूकोनोस्टॉक या वंशाचे सूक्ष्मजंतू उसाच्या साखरेपासून हा चिकट पदार्थ तयार करतात. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की रसात डेक्स्ट्रान वाढते, रस बुळबुळीत होतो, गाळण्या तुंबतात व साखरेचा उतारा घटतो. म्हणून साखर कारखानदारीत तो उपद्रवच समजला जातो. १९४० नंतरच्या दशकात स्वीडनमधील आंडर्स ग्रनवाल व बियर्न इंगेलमान यांनी बीटच्या साखरेच्या उद्योगातील याच उपद्रवाचा अभ्यास करीत असता त्याचे योग्य आकाराचे रेणू रक्तद्रवाऐवजी वापरता येतील असे दाखविले. डेक्स्ट्रान दिल्यानंतर तांबड्या कोशिका एकमेकींस चिकटून रक्तगटाची तपासणी फसवी ठरू शकते, म्हणून रक्ताचा नमुना आधीच काढून ठेवण्याचा दंडक पडला. जिलेटीन व स्टार्च यांपासून बनविलेले पर्यायही आले. त्यांपैकी स्टार्चजन्य विद्राव गंभीर रुग्णांच्या मूत्रपिंडास घातक ठरतात असे आढळल्याने २०१३ पासून त्यांच्या वापरावर अनेक देशांत निर्बंध आले. अखेरीस वैद्यक बव्हंशी साध्या लवण विद्रावाकडे व रिंगर-लॅक्टेटाकडे परतले आहे.

द्रवाचे महत्त्व केवळ रक्तस्रावापुरते नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर (ता. पाटण, जि. सातारा) येथे झालेल्या भूकंपात सु. १८० माणसे मरण पावली व दीड हजाराहून अधिक जखमी झाली. भिंतीखाली तासन् तास दबलेले स्नायू मोकळे होताच त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडतात, हे लंडनवरील बाँबहल्ल्यांतील जखमींच्या अभ्यासातून एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये दाखविले होते. अशा जखमीस ढिगाऱ्यातून बाहेर काढण्यापूर्वीच भरपूर लवण विद्राव देणे इष्ट असते. रक्ताची पेढी दूर असली तरी चालते. पण विद्राव जागेवर हवा, असे हे उदाहरण आहे.

बाँबे रक्तगट : द्रवपूर्तीने एवढे साधत असले, तरी ऑक्सिजन वाहण्याचे काम तांबड्या कोशिकांवाचून होत नाही. या मर्यादेचे सर्वांत तीव्र उदाहरण महाराष्ट्रातच सापडले. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह १९५२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात एका नव्या रक्तगुणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्यांच्या रक्ताची ही तपासणी झाली त्यांच्या कोशिका नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ गटाच्या वाटत. परंतु त्यांचा रक्तरस ‘ओ’ गटाच्याच इतर सर्व कोशिकांचे समूहन करी.

याचे स्पष्टीकरण असे : ए व बी हे प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात, तो एच प्रतिजन होय. कोशिकेच्या पृष्ठभागावरील शर्कराशृंखलेस फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की एच तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा बसल्यास ए किंवा बी बनतो. काहीच न बसल्यास ‘ओ’ गट राहतो. म्हणजे ‘ओ’ गटाच्या व्यक्तीत एच भरपूर असतो. बाँबे गटाच्या व्यक्तीत मात्र फ्यूकोज जोडणारे एंझाइमच नसते. पायाच नसल्याने ए व बी यांची जनुके असली तरी ती प्रकट होत नाहीत. शरीर एच प्रतिजनाविरुद्ध प्रबळ प्रतिपिंडे बाळगते. ‘ओ’ रक्त कोणालाही चालते, ही सर्वपरिचित समजूत येथे प्राणघातक ठरते. अशा व्यक्तीस ‘ओ’ रक्त दिल्यास त्या कोशिका रक्तवाहिनीतच फुटतात. तिला केवळ तिच्याच गटाचे रक्त चालते.

हा गुण अप्रभावी असल्याने आई व बाप या दोघांकडूनही दोषयुक्त जनुक मिळाले तरच तो दिसतो. १९५५ मध्ये फिलिप लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबात, आईत न दिसणारा बी प्रतिजन तिच्या अपत्यात प्रकटल्याचे दाखवून दडलेल्या जनुकाचा पुरावा दिला. या निष्कर्षाला सामाजिक बाजूही आहे. वरवर ‘ओ’ दिसणाऱ्या आईबापांस ए वा बी गटाचे मूल होऊ शकते, हे ठाऊक नसलेल्या ठिकाणी रक्ताच्या एका अपुऱ्या चाचणीवरून स्त्रीवर संशय घेतला जाण्याचा धोका असतो.

मुंबईतील भाटिया व साठे यांच्या १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गटाचे प्रमाण सु. ७,६०० व्यक्तींत एक असे आढळले. यूरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास समजले जाते. भारतात नोंद झालेल्या अशा व्यक्तींत महाराष्ट्रीयांचा वाटा मोठा आहे. येथे दक्षिण महाराष्ट्रातील विवाहप्रथेचा विचार करावा लागतो. मामाच्या मुलीशी विवाह ही सातारा-सांगलीकडील अनेक समाजांत मान्य व एके काळी पसंतीची प्रथा होती. इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात (१९५३) महाराष्ट्र हा या बाबतीत उत्तर व दक्षिण भारत यांच्या सीमेवरील प्रदेश असल्याचे दाखविले आहे. जवळच्या नात्यातील विवाहात एकच विरळ जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. याच कारणाने एका रुग्णास रक्त हवे असता त्याची सख्खी भावंडे प्रथम तपासतात. प्रत्येक भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. १९९० नंतरच्या दशकात एकोणिसाव्या गुणसूत्रावरील या जनुकाचा दोष रेणवीय पातळीवरही निश्चित झाला.

हा गट ओळखण्यासाठी केवळ कोशिका तपासून भागत नाही. रक्तरसाची उलट चाचणी ज्ञात ‘ओ’ कोशिकांवर करावी लागते. एच प्रतिजन नसल्याची खात्री युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने करतात. बियांच्या अर्कांचा विषय निघाला म्हणून नमूद करण्यासारखी गोष्ट अशी की, ए गटाचे ए१ व ए२ हे उपगट ओळखण्यासाठी जगभर वापरला जाणारा अर्क आपल्या हुलग्याचा आहे. भारतात काम करीत असता जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये करंट सायन्स या बंगलोरच्या नियतकालिकात हुलग्याच्या या गुणाची माहिती दिली. माण-खटावच्या माळरानावरील गरिबांचे कडधान्य अशा रीतीने रक्तपेढीच्या शीतकपाटात जाऊन बसले.

मुंबईत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत रूपांतर झाले आणि विरळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवण्याचे काम तेथे होत आले. याच परंपरेतील संशोधकांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या आणखी एका प्रतिजनावरून ‘इंडियन’ ही रक्तगट प्रणाली ओळखली जाते. बाँबे गटाच्या रुग्णाचे रक्त नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी त्याचेच काढून ठेवता येते किंवा ग्लिसरॉल मिसळून गोठवून वर्षानुवर्षे राखता येते. अपघातात किंवा अडलेल्या बाळंतपणात मात्र दाता सापडेपर्यंत लवण विद्राव व अल्ब्युमीन देऊन रक्तवाहिन्या भरलेल्या ठेवणे, एवढेच वैद्याच्या हाती असते. हीमोग्लोबिन बरेच खाली गेले तरी अभिसरण टिकल्यास काही तास, क्वचित काही दिवस मिळतात.

रक्तघटक : १९५० नंतर प्लॅस्टिकच्या जोडपिशव्या आल्या आणि एका दात्याचे रक्त तीन-चार रुग्णांस वाटून देणे शक्य झाले. तांबड्या कोशिका २° ते ६° से. तापमानास पोषक विद्रावात ४२ दिवसांपर्यंत टिकतात. गोठविलेला रक्तद्रव वर्षभर राहतो. बिंबाणू मात्र २०° ते २४° से. तापमानास सतत हलते ठेवावे लागतात व पाचच दिवस उपयोगी पडतात. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाइकांची धावपळ होते ती या पाच दिवसांमुळे. १९६४-६५ मध्ये जूडिथ पूल यांनी रक्तद्रव संथपणे वितळविताना उरणाऱ्या साक्यात रक्तक्लथनास लागणारा आठवा घटक असतो असे दाखविले व रक्तस्रावी रोगाच्या मुलांचे आयुष्य वाढले. सर्वच अपेक्षा फळाला आल्या असे नाही. कोविड-१९ च्या साथीत बरे झालेल्यांचा रक्तद्रव देण्याची पद्धत बोकाळली, परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० मधील चाचणीत तिचा लाभ दिसला नाही व २०२१ मध्ये ती उपचारांतून वगळण्यात आली.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर भारतीय रक्तपेढ्या दीर्घकाळ विसंबून होत्या. एचआयव्हीच्या संसर्गामुळे १९८९ पासून रक्ताची तपासणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद स्थापन झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीस बंदी आली. त्यानंतर सारा भार स्वेच्छा रक्तदानावर पडला. रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो, ही धास्ती पूर्वी फार होती. वस्तुतः गेलेला द्रव एक-दोन दिवसांत व कोशिका काही आठवड्यांत भरून येतात. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असता साठा घटतो. पावसाळ्यात अडचण निराळी असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला व रस्ते तुटले, तेव्हा शेजारचे गावही दूर झाले.

रक्ताची ने-आण : रक्तपेढी असणे व रक्त मिळणे यांत अंतर असते. जुळवणीच्या चाचणीसाठी रुग्णाच्या रक्ताचा नमुना आधी पेढीत जावा लागतो आणि मग पिशवी परत यावी लागते. म्हणजे प्रत्येक किमी. दोनदा मोजावा लागतो. २००१ मध्ये नियमांत सवलत देऊन लहान रुग्णालयांत, पेढी नसतानाही, रक्त साठविण्याची केंद्रे काढण्याची मुभा देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने पुढे जीवन अमृत सेवा ही योजना आखली. १०४ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास जिल्हा रुग्णालयाच्या पेढीतून शीतपेटीत रक्त ठेवून मोटारसायकलीने सु. ४० किमी. अंतरापर्यंतच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ती प्रायोगिक रीत्या सातारा व सिंधुदुर्ग या दोन डोंगराळ जिल्ह्यांत राबविण्यात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये राज्यभर लागू झाली. नातेवाइकाने चिठ्ठी घेऊन शहरात हिंडण्याची पद्धत मोडावी, हा तिचा हेतू मोलाचा होता; मात्र चाळीस किमी.ची मर्यादा साताऱ्याहून पाटणच्या पलीकडील वाड्यावस्त्यांना पुरेशी नव्हती. २०२२ मध्ये ही योजना बंद करण्यात आली. त्यानंतर दूरच्या तालुक्यांत भिस्त उरली ती ग्रामीण रुग्णालयांतील साठवण केंद्रांवर, आणि ती रिकामी असल्यास, शिरेतून लवण विद्राव चालू ठेवून रुग्णाला कराड, सातारा, सांगली अथवा मिरजेस हलविणाऱ्या रुग्णवाहिकेवर.